पोळ्यापर्यंत एक पान

मी एक जुना पाणकंद आहे, मित्रांनो, आणि एकदा माझ्या एका पानावर दोन मोठ्या माणसांनी पैज लावली होती. कुस्तीवर नाही, बैलांच्या शर्यतीवर नाही. पानावर. तेही अजून न आलेल्या.

साल बासष्ट, उन्हाळ्याचे दिवस. जागा बडनेऱ्याची जुनी वस्ती. पुंजाजी म्हणजे माझा मालक, रेल्वेतून रिटायर झालेला. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, काचेच्या पेटीत मी राहायचो. त्या दिवशी त्याची पोरगी शालू अकोल्याहून त्याला न्यायला आली होती. तिला सहावा महिना लागला होता. माहेरी आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण अकोल्यातच होणार होतं.

"बा, पुरे झालं आता एकटं राहनं," शालू म्हणाली. "चाल माह्यासंगं. कायमचा."

पुंजाजीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "एकटा कुठी हाओ मी? हे हाय ना."

गल्ली इतकी अरुंद की इकडचं बोलणं तिकडच्या ओट्यावर पोचायचं. समोरच्या ओट्यावर खुशालराव दाढी करून घेत बसला होता. हा खुशालराव पन्नाशीचा शेतकरी. काळी जमीन, दोन बैलजोड्या आणि अख्ख्या वस्तीची खोड काढायचा नाद. पोस्टमनच्या सायकलीखाली त्यानं एकदा घुंगरमाळ बांधली होती. बिचारा पोस्टमन आठवडाभर गाईसारखा वाजत फिरला. असा माणूस गप्प बसतो होय?

"अरे पुंजाजी," अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो ओरडला, "तुह्या खोलीत झुरळबी पांढरं पडते. तिथं याले पान काहून फुटन?"

"फुटते. त्याच्या मनानं फुटते."

"मंग लाव पैज. पोळ्यापर्यंत एक नवं पान आलं, तं मी पोळ्यात बैल होऊन उभा राहीन. अंगावर झूल घालून. आन नाही आलं, तं तू गुमान पेटी उचलाची आन शालूकडं जायाचं."

घरातून त्याची बायको कौशल्या म्हणाली, "बैल तं आधीचाच हाय. झूल तेवढी शिवा लागते."

सगळे हसले. दाढी करणाऱ्या डोमाजी न्हाव्याला पंच नेमलं. पुंजाजी म्हणाला, "मंजूर." तो मात्र हसला नव्हता. शालूच्या घरी दोन खोल्या, सासूसासरे, दोन दीर. तिथं त्याची खाट पडवीत पडणार आणि जन्मभर तो पोरीच्या घरचा पाहुणा राहणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. खुशालरावसाठी ती गंमत होती. पुंजाजीनं मात्र आपली खोलीच डावावर लावली होती, आणि ती माझ्या भरवशावर.

आता मी कोण, ते ऐका. हळकुंड पाहिलं आहे ना? तसाच माझा आडवा, गाठी-गाठीचा देह. पुढच्या टोकाला एक-एक पान काढत मी इंचा-इंचानं सरकतो. मागचा भाग म्हातारा होत जातो. पानं दिसायला धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानांसारखी, पण काळपट हिरवी आणि चामड्यासारखी जाड. एकेक पान वीतभर. मला ऊन नको, माती नको. सावली, स्वच्छ पाणी आणि धरायला एक दगड, एवढं पुरतं. आणि मी भयंकर हळू आहे. महिन्याला एक पान काढलं तरी मला धावल्यासारखं वाटतं.

मी जन्मलो कुठल्यातरी दूरदेशच्या ओढ्यात. तो ओढा मला आता आठवतही नाही. जहाजातून मुंबईला आलो, एका साहेबाच्या बंगल्यात राहिलो. चोपन्न साली साहेबाची बदली नागपूरला झाली आणि बडनेरा स्टेशनात सामानाच्या डब्यात माझ्या पेटीची काच तडकली. मडमेनं मासे थर्मासमध्ये घेतले. मला आणि पेटीला फलाटावर ठेवलं. शिट्टी झाली तेव्हा साहेबानं जवळ उभ्या असलेल्या माणसाला एवढंच सांगितलं, "मिट्टी में मत गाड़ना. पत्थर से बाँधो." आणि गाडी गेली.

तो माणूस म्हणजे पुंजाजी. स्टेशनातला बत्तीवाला. सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरायचं, वाती कातरायच्या, लाल-हिरव्या काचा चकचकीत ठेवायच्या, हे त्याचं काम. काच त्याला कळायची. त्यानं तडा पुट्टीनं भरला, वरून डांबर लावलं. रुळाखालची एक काळी गिट्टी आणली आणि दिव्याच्या वातीचा एक पदर काढून मला तिच्यावर बांधलं. ती वात पाण्यात कुजून जाईपर्यंत माझ्या मुळ्यांनी गिट्टी घट्ट धरली होती.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये माझे दिवस थाटाचे होते. लोक मला पाहायला यायचे. पुंजाजीची बायको गोदाबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती, "वड्या होतीन काय हो याच्या?" मी चार दिवस घाबरून होतो. बारा वर्षांची शालू काचेला नाक लावून उभी राहायची. पाण्यातून ते नाक बटाट्याएवढं दिसायचं. दर रविवारी पुंजाजी एक बादली जुनं पाणी काढून ताजं घालायचा आणि सिग्नलची काच पुसावी तशी माझी काच पुसायचा. त्याच्या रॉकेलच्या वासाचीसुद्धा मला सवय झाली होती.

मग माणसं एकेक करून कमी झाली. एकोणसाठ साली गोदाबाई तापानं गेली. साठला पुंजाजी रिटायर झाला आणि क्वार्टर सुटलं. एकसष्टला शालूचं लग्न झालं. उरलो आम्ही दोघं. जुन्या वस्तीतली ही खोली मिळाली, तिच्या खिडकीसमोर जिनिंगच्या गोदामाची भिंत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खिळ्याला एक जुना रेल्वेचा दिवा, कोपऱ्यात मी. दुपारी घटकाभर उजेडाची एक पट्टी जमिनीवर यायची आणि निघून जायची. पुंजाजीनं डब्यात मोगरा लावला, मेला. ओवा लावला, तोही मेला. मी जगलो, कारण मला अंधार चालतो.

पण अंधार चालतो म्हणजे एकटेपण चालतं असं नाही, मित्रांनो. नदीतून आणलेल्या बारक्या मासोळ्या उन्हाळ्यात टिकल्या नाहीत. माझ्या जातीचं दुसरं कोणी आसपास शंभर कोसांत नसावं. समोरच्या काचेत मला कधी-कधी एक हिरवं पान दिसायचं. मी खूश व्हायचो. मग कळायचं, ते माझंच.

पुंजाजी आधी माझ्याशी बोलायचा. कोणती गाडी उशिरा आली, डाळ कशी करपली, सगळं सांगायचा. पुढं तेही बंद झालं. त्या हिवाळ्यात एक दिवस त्यानं दिवसभरात एकदाच तोंड उघडलं, दारातल्या दूधवाल्याला "नोको" म्हणायला. मी पाण्यात बसून ऐकत होतो. दुसरं काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत होतो. तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

आणि मग ती पैज लागली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत जत्रा. सकाळी डोमाजी यायचा, पंच म्हणून. कंगव्याच्या टोकानं माझी पानं मोजायचा. नऊ. संध्याकाळी शेतातून येताना खुशालराव डोकवायचा. "काय रे पाणहळदी, बैल करतं काय मले?" म्हणायचा आणि काचेवर टिचकी मारायचा. गल्लीतल्या बाया यायच्या. पुंजाजीला चहा ठेवावा लागायचा. घरात दोनच कप होते, त्यानं आणखी चार आणले. त्याला बोलावं लागायचं, उत्तरं द्यावी लागायची. एकदा खुशालरावनं पेटीवर टोपलं झाकून "पाणहळद चोरीले गेली" अशी बोंब मारली, तेव्हा पुंजाजी इतका हसला की त्याला खोकला आला. गोदाबाई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. आषाढातच माझं पान तयार होतं. पुढच्या टोकात गुंडाळी करून बसलं होतं, फक्त बाहेर ढकलायचं बाकी होतं. मी ढकललं नाही. दाबून धरलं.

का? पान आलं की पैज संपणार. पैज संपली की डोमाजी येणार नाही, टिचकी वाजणार नाही, ते चार कप फळीवर उपडे पडणार. मी विचार केला, घाई काय आहे? पोळ्याच्या आदल्या दिवशी काढू. लोकांची थोडी गंमत पाहू. तुम्हीही केली असेल अशी गंमत, पलंगाखाली लपून. आई हाका मारते, आपण तोंड दाबून हसतो. पण हाक मारणाऱ्याचा जीव किती खाली-वर होतो, ते खालून दिसत नाही.

श्रावण लागला. पान नाही. पुंजाजीनं बोलणं कमी केलं. आणि एका सकाळी अकोल्याहून निरोप आला, शालूला मुलगी झाली. आठ दिवसांसाठी तो निघाला. किल्ली खुशालरावकडं दिली आणि म्हणाला, "पानी तेवढं पाहजा, खुशालराव." बाकी काही सांगितलं नाही. साहेबानं फलाटावर सांगितलेलं माती-दगडाचं ते वाक्यही नाही. कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच दुपारी खुशालराव आत आला. टिचकी मारली नाही. पेटीसमोर उकिडवा बसला.

"काहून फुटत नाही बे?" तो हळू आवाजात म्हणाला. "पोळा चौदा दिवसावर आला. तो गेला तं मी खोड कोनाची काढू? दोन्ही पोरं नागपुरात. कौशल्याले माह्या सगळ्या गमती पाठ हाय. एक पुंजाजीच हाय, जो अजून फसते."

मग तो कामाला लागला. आणि त्यानं तेच केलं जे काळ्या मातीतला माणूस करणार. हळकुंडासारखी गाठ दिसली, म्हणजे ती मातीत पाहिजे. त्यानं माझ्या मुळ्या गिट्टीवरून सोडवल्या. ताड-ताड तुटल्या त्या. गिट्टी गल्लीत फेकली. घमेलंभर काळी माती आणि ओंजळभर शेणखत पेटीत घातलं, मला चांगलं चार बोटं खोल पुरलं आणि वरून पाणी सोडलं. पेटी उचलून ओट्यावर उन्हात नेऊन ठेवली. इतक्या मायेनं मला कोणी कधी मारलं नव्हतं.

मातीत माझा श्वास कोंडला. पाणी आधी चहासारखं झालं, मग डबक्यासारखं. मागच्या बाजूनं मी मऊ पडू लागलो. पानं पिवळी, मग काचेसारखी आरपार, मग गळून पाण्यावर. नवाची सात, साताची चार. आता मला पान बाहेर काढायचं होतं. खरंच काढायचं होतं. पण अंगात जोरच नव्हता. खुशालराव रोज आणखी खत घालायचा.

आठ दिवसांनी पुंजाजी आला. बर्फीचा पुडा हातात होता. ओट्यावरची पेटी पाहिली आणि पुडा तिथंच खाली ठेवला. बाही वर करून त्यानं हात घातला, चाचपत मला बाहेर काढलं. घाण वास सुटला होता. मांडीवर ओल्या फडक्यात घेऊन त्यानं ब्लेडनं माझा सडलेला भाग कापला. मागचा सगळा गेला. बोटभर उरलो, दोन पानांचा. वात कातरावी तसं तो थोडं-थोडं, जपून कापत होता.

खुशालराव दारात येऊन उभा राहिला. हातात माझी गिट्टी होती. गल्लीत हुडकून धुऊन आणलेली.

"मीच गाडलं," तो म्हणाला. "हळदीसारखं वाटलं मले."

"मले इचारलं असतं तं, खुशालराव."

"तू सांगतलं असतं तं."

खुशालरावनं गिट्टी उंबऱ्यावर ठेवली. तो म्हणाला, "पैज सोड. चूक माही हाय."

"नाही," पुंजाजी म्हणाला. "चारचौघांत शब्द देला."

त्यानं जुन्या दिव्यातली वात काढली, एक पदर सोडवला आणि मला पुन्हा गिट्टीवर बांधलं. स्वच्छ पाण्याची बरणी, तोच अंधारा कोपरा. आणि त्याच संध्याकाळपासून तो लोखंडी पेटीत कपडे भरू लागला. एक सदरा घडी करायचा, माझ्याकडं पाहायचा, पुन्हा घडी करायचा. सहा दिवस मी ढकलत होतो, मित्रांनो. जे पान मी चेष्टेनं दाबलं होतं ते आता लाख ढकललं तरी हलेना.

पोळ्याच्या सकाळी जावई देवमन अकोल्याहून त्याला न्यायला आला. लोखंडी पेटीला कुलूप लागलं. डोमाजी पंच म्हणून आला, मागं अर्धी गल्ली. खोलीत काळोख, म्हणून त्यानं आपला दाढीचा आरसा दारात धरून उजेडाचा एक कवडसा बरणीवर पाडला.

टोकाला एक बारीक हिरवी गुंडाळी वर आली होती. विडीएवढी.

पहिल्यांदा खुशालराव ओरडला, "पान! हरलो मी!"

पुंजाजीनं वाकून नीट पाहिलं. हा माणूस सिग्नलच्या काचेवर बोटाचा ठसा राहू द्यायचा नाही. तो म्हणाला, "उघडलं नाही. पान म्हनता येत नाही. मी हरलो."

आणि मग जे भांडण झालं तसं मी ना आधी ऐकलं ना नंतर. दोघंही आपणच हरलो म्हणून हट्टाला पेटले. देवमन पेटी धरून वेड्यासारखा दोघांकडं पाहत राहिला.

"अरे लेका," खुशालराव शेवटी डोमाजीकडं वळला, "बोंड फुटलं नाही, तं त्यात कापूस नसते काय?"

डोमाजीनं आरसा खाली केला. शेजारी उभ्या कापूसवाल्यांकडं पाहिलं. सगळ्यांच्या माना हलल्या. "असते," तो म्हणाला. "पान धरलं."

पुंजाजी लोखंडी पेटीवर बसला. मग देवमनला म्हणाला, "जावईबापू, कुलूप काढा. अन् शालूले सांगजा, दिवाळीले येतो. पाहुना म्हनून."

पुढं पाच वर्षं आम्ही त्याच खोलीत काढली. चहाचे कप फळीवर उपडे पडले नाहीत. सदुसष्टला पुंजाजी गेला आणि शालूनं मला अकोल्याला आणलं. आता मी तिच्या जिन्याखालच्या कोपऱ्यात असतो. तिला चार पोरं, घरभर काम. माझी काच हिरवी झाली आहे, बाहेरचं नीट दिसत नाही. तिचा राग नाही मला. कधीतरी मधली पोरगी येऊन काचेला नाक लावते आणि ते नाक बटाट्याएवढं दिसतं. त्या दिवशी मी एक पान काढतो. दाबून धरत नाही. जे द्यायचं आहे ते हाक ऐकू येतानाच द्यावं, हे मी बोटभर उरल्यावर शिकलो. आणि तुम्हाला एकच मागणं आहे. कोणाला जगवायला निघालात तर आधी त्याला काय लागतं ते विचारा. ज्याला ठाऊक आहे त्यानं कोणी न विचारताही सांगावं. आम्हाला फार काही लागत नाही. आठवड्याला बादलीभर पाणी, आणि रोज एकदा कोणीतरी आत डोकावून पाहावं, एवढंच.

पण त्या पोळ्याचं राहिलंच की.

दुपारी मैदानात तोरण बांधलं होतं. रंगवलेली शिंगं, बाशिंगं, झुली, बैलांची लांब रांग. आणि रांगेच्या शेवटी खुशालराव, दोन पायांवर. अंगावर कौशल्यानं शिवलेली झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात तीच पोस्टमनची घुंगरमाळ. त्याची दोरी पुंजाजीच्या एका हातात, दुसऱ्या बगलेत माझी बरणी. खुशालराव मान हलवून माळ वाजवायचा, पाय आपटायचा, जवळच्या पोरांना ढुशी द्यायचा. लोक पोट धरून हसत होते. पंधरा वर्षांनंतरही त्या गावात कोणी सांगेल, असा तो बैल होता.

मग पूजा झाली आणि बाया नैवेद्याची ताटं घेऊन बैलांपाशी आल्या. कौशल्या आपल्या दोन्ही जोड्यांना पुरणपोळी चारून रांगेच्या शेवटी आली. ताटात एक पोळी उरली होती. तिनं ताट पुंजाजीपुढं धरलं. ज्याच्या हातात दोरी, त्यानं बैलाला चारायचं, असा रिवाज.

पुंजाजी थांबला. हसणं ओसरलं. खुशालराव दोन वर्षं समोर राहत होता, पैज लागल्यापासून आमच्या खोलीत रोज यायचा, बसायचा, टिचक्या मारायचा. पण इतरांनी ते कप उचलले तरी पुंजाजीच्या हातचा चहा त्यानं कधी घेतला नव्हता. हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्या भावकीतले म्हातारे पहिल्या रांगेत बसले होते. आता फक्त बैलांच्या घंटा वाजत होत्या.

पुंजाजीनं ताटच पुढं सरकवलं. "घ्या, खुशालराव," तो हळूच म्हणाला. "ताटातून घ्या."

"हातानं चारा, पुंजाजी," कौशल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बैल ताटातून खात नाही."

पुंजाजीनं बरणी तिच्याकडं दिली. पोळीचा तुकडा मोडला. रॉकेलचा वास कधीच न गेलेला तो हात वर झाला.

खुशालरावनं तोंड उघडलं. तुकडा खाल्ला, सावकाश चावला, गिळला. मग माळ वाजवली, पुंजाजीच्या खांद्याला डोक्यानं एक ढुशी दिली आणि पुन्हा तोंड उघडलं.